जिलेटच्या आधी दाढीच नव्हती? तो फॉरवर्ड चुकीचा आहे

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय की वस्तरा भारतात इंग्रजांनी आणला आणि सेफ्टी रेझर (कातडी कापू नये म्हणून पात्याला आडोसा असलेला) अमेरिकेतल्या जिलेटने शोधला. कृपया पुढे पाठवू नका, दोन्ही चूक आहे.

वस्तऱ्याचं म्हणाल तर ऋग्वेदात क्षुर म्हणजे वस्तरा आहे, बुद्धांचा शिष्य उपाली मुळात न्हावी होता, आणि आपले न्हावी संत सेना महाराज तर इंग्रज यायच्या कितीतरी आधीचे. धोकटीत, म्हणजे न्हाव्याच्या पिशवीत, वस्तरा, चामोटं (धार लावायचा चामड्याचा पट्टा), वाटी घेऊन वाड्यावाड्यातून फिरणारे कारागीर पुण्यात पिढ्यानपिढ्या होते, त्यांचं कसब असं परक्याच्या नावावर टाकलेलं बघून खरंच वाईट वाटतं. चामोट्यावर पातं नेहमी पाठीच्या बाजूने ओढायचं, धारेच्या बाजूने ढकललं तर चामडं कापलं जातं आणि धारही जाते, हे हाताला बसायला वेळ लागतो.

आता जिलेट. पात्याला लाकडी आडोसा लावून कातडी वाचवायची आयडिया फ्रान्समधल्या पेरे नावाच्या कारागिराची, 18व्या शतकातली. अमेरिकेत कॅम्फे बंधूंनी 1880 मध्ये सेफ्टी रेझरचं पेटंट घेतलं, पण त्याचं पातं काढून पुन्हा धार लावावी लागायची. जिलेटचं खरं काम म्हणजे वापरून फेकायचं पातळ दुधारी ब्लेड, विक्री 1903 ला सुरू, पेटंट 1904 चं. पहिल्या वर्षी फक्त 51 रेझर खपले, पुढच्या वर्षी 90 हजारांच्या वर. सलूनमध्ये आज उस्तऱ्यात अर्धं ब्लेड मोडून घालतात ना, ते त्याच दुधारी ब्लेडचं.