पाणी नुसतं झिरपत नाही
पेशीत पाणी कसं शिरतं यावरच्या लेखात, पाणी पेशीपटलातून (पेशीभोवतीच्या पातळ आवरणातून) ‘आपोआप झिरपतं’, एवढ्यावर विषय आटोपलाय, ते पटलं नाही. थोडं पाणी पटलातल्या मेदाच्या दुहेरी थरातून जातं हे खरं, पण रक्तातल्या तांबड्या पेशींमधला पाण्याचा वेग तेवढ्याने जुळत नाही. तिथे पटलात पाण्याला वाट करून देणारी अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनं असतात. या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. वाट इतकी अरुंद की पाण्याचे रेणू एकामागोमाग एकच जातात, आणि कमाल म्हणजे प्रोटॉनला (हायड्रोजनच्या धनभारित कणाला) मज्जाव! शरीरात पाणी कमी पडलं की व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडातल्या पेशी आतल्या पुटिकांमध्ये (इवल्या पिशव्यांमध्ये) ठेवलेली अ‍ॅक्वापोरिन पटलावर आणून बसवतात, पाणी परत शोषलं जातं, लघवी गडद होते. परासरण, म्हणजे पटलातून पाण्याचं जाणं, शिकवताना हे मुलांना सांगायलाच हवं.