उपासाच्या ताटातले पाहुणे

वर्षाला २४ एकादश्या, अधिक महिना आला तर २६. वर संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र. 'उपासाला काय चालतं?' याचा निकाल पोथीपेक्षा स्वयंपाकघरातच जास्त लागतो, आणि तो घरोघरी वेगळा. कुणाकडे कोथिंबीर चालते, कुणाकडे जिरंसुद्धा नाही.

आता ताट बघा. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, त्यानंतर ही मंडळी इकडे रुजली. ज्ञानेश्वर माउलींनी १२९६ मध्ये समाधी घेतली. साबुदाण्याची खिचडी त्यांच्या काळात असणं शक्यच नव्हतं. वरी हे तर सरळसरळ धान्य. तरी ती चालते, ज्वारी चालत नाही.

याला मी ढोंग म्हणणार नाही. माणूस स्वतःला नियम घालतो आणि त्याच हातानं पळवाटही ठेवतो, म्हणून तर नियम पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. समुद्रापलीकडचा बटाटा ज्यांनी निमूट पंक्तीला घेतला, त्याच घरात साखरेचा त्रास असलेल्या आजीनं दोन घास मुगाचे खाल्ले की लगेच धर्म आठवतो!

१०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. पिठूळ पदार्थ, रक्तातली साखर झपाट्यानं वर नेणारा. खायचाच तर वाटी लहान आणि दाण्याचा कूट सढळ. सोबत दही किंवा काकडीची कोशिंबीर. मूग नकोच असेल तर ताक, पनीर, लाल भोपळा बहुतेक घरांत चालतंच की.

खिचडीचा गोळा होतो तो पाण्यामुळे. साबुदाणा दोन-तीनदा धुवा, वरचं पीठ जाऊ द्या. मग पाणी दाण्यांच्या जेमतेम बरोबरीला ठेवून चार-पाच तास झाका. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे. कूट आधीच चोळून ठेवा, तो जादा ओल शोषतो. दाणे पारदर्शक दिसले की गॅस बंद. झाकण ठेवून विसरलात की वाफेचं पाणी आत पडतं आणि चिकट लगदा हाती येतो.

भगरीबाबत मात्र चेष्टा नको. दमट जागी राहिलेल्या भगरीवर बुरशी धरते, तिचं विष शिजवूनही जाईलच असं नाही. नवरात्रात, महाशिवरात्रीला उलट्या, चक्कर, थरथर यांनी माणसं दवाखान्यात पोचतात ती बरेचदा यामुळेच. सुटी भगर आणि विकतचं तयार पीठ टाळा. तारीख पाहून बंद पाकीट घ्या, निवडा, धुवा, पीठ लागेल तेवढंच घरी दळा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाच्या दिवशीचा डोस आधीच डॉक्टरांना विचारून ठरवा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं किंवा मीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला, तर चंद्रोदयाची वाट बघत बसू नका. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.