आयकॉन आधी उचला, परवानगीचं मग बघू

इंदूरच्या छप्पन दुकानला पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरताना तुमच्या मनात आलं, नमकीनवाल्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर काढावं. उत्तम. प्रोग्राम पुतण्या लिहील, उरले आयकॉन. ते काढत बसू नका. बड्या परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रिंटर, फोल्डर, कचऱ्याची टोपली सगळं तयार आहे. स्क्रीनशॉट घ्या, कापा, चिकटवा. इंदूरला शेव घेण्याआधी मूठभर चाखायला मिळतेच की; तुमची मूठ जरा मोठी, इतकंच.

कुणी टोकलंच, तर 'अबाउट'च्या खिडकीत बारीक अक्षरांत कंपनीचे आभार माना. आभार मानले की माल आपला, हा कायदा राजवाड्यापासून पलासियापर्यंत सर्वमान्य आहे. 1957 चा कॉपीराइट कायदा मात्र भलतंच बोलतो. कलम 30 म्हणे परवाना लेखी हवा, तोही मालकाचा किंवा त्याने रीतसर नेमलेल्या माणसाचा. म्हणजे त्या कंपनीत नोकरीला असलेला तुमचा साडू लग्नाच्या पंगतीत 'बिनधास्त वापर रे' म्हणाला, ते धरायचंच नाही. एवढा घरचा माणूस! कलम 63 तर वाचूच नका. त्यात 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. पोहे पचायचे नाहीत.

मायक्रोसॉफ्टसारखा भित्रेपणाही नको. त्यांनी 1985 मध्येच विंडोजच्या पहिल्या आवृत्तीसाठी ॲपलशी लेखी करार करून ठेवला. 1988 मध्ये ॲपल कोर्टात गेलं, पडद्यावरच्या 189 गोष्टी आमच्या म्हणालं. त्यातल्या 179 त्या करारातच निघाल्या. हाताशी कागद असला की भांडणाची सगळी गंमतच जाते.

टँगो नावाच्या प्रकल्पाचे आयकॉन 2009 मध्ये सगळ्यांसाठी मोकळे केले गेले, असं पुतण्या सांगेल. वापरा, रंगवा, विका, कुणी विचारत नाही. पण नमकीनवाल्याला 'अगदी त्या कंपनीसारखं' दिसायला हवं ना!

परवानगीसाठी कंपनीला मेल पाठवायची हौसच असेल, तर कोणता आयकॉन, कुठल्या आवृत्तीतला, सॉफ्टवेअर विकणार की फुकट वाटणार, रंग बदलणार का, यातलं काहीही लिहू नका. समोरच्याला समजलं तर तो उत्तर देतो, आणि उत्तर 'नाही' असू शकतं. एकच ओळ लिहा: 'सर, आपले आयकॉन छान आहेत, वापरतो आहे. उत्तर न आल्यास होकार समजतो.' पत्ता मात्र तो निवडा, ज्याच्या सुरुवातीलाच 'नो-रिप्लाय' असतं.