उंट, दोर आणि 'मूळ अरामी' बायबल

येशू अरामी बोलायचा, म्हणून बायबलातला नवा करार मुळात अरामीतच लिहिला गेला. ग्रीक पाठ हा त्याचा चुकलेला अनुवाद. खरा मजकूर 'पेशित्ता' नावाच्या अरामी बायबलात शाबूत आहे. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो; पण पेशित्तात तिथे उंट नव्हे, दोर जातो, आणि येशूने शिकवलेली प्रार्थना 'हे पित्या' अशी नव्हे तर 'हे विश्वाच्या माता-पित्या' अशी सुरू होते. सबब आपलं मराठी बायबल म्हणजे अनुवादाचा अनुवाद. हा दावा वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे, बाकीचं टिकत नाही.

येशू अरामी बोलायचा यावर वाद नाही. पण बोलणारा एक आणि लिहिणारे दुसरे. नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रं करिंथ, थेस्सलनीका अशा ग्रीक शहरांतल्या मंडळ्यांना गेली. त्यांना अरामीत लिहून त्याने काय साधलं असतं? दावेदार इथे पपियासला साक्षीला आणतात. मत्तयाने (येशूचं चरित्र सांगणारी मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशी चार शुभवर्तमानं आहेत) प्रभूची वचनं 'इब्री भाषेत' जुळवली, असं दुसऱ्या शतकातला हा बिशप म्हणतो खरा. पण तो एकट्या मत्तयाबद्दल बोलतोय, सगळ्या नव्या कराराबद्दल नाही. शिवाय आज हाती असलेल्या मत्तयात मार्कची ग्रीक वाक्यं जागोजागी जवळपास जशीच्या तशी आलेली दिसतात, म्हणजे तो ग्रीकमध्येच रचला गेला.

ग्रीक पाठच वाचून बघावा. याईर नावाच्या माणसाच्या मेलेल्या मुलीला येशू म्हणतो, 'तलिथा कूम', आणि मार्क लगेच अर्थ सांगतो: 'मुली, मी तुला सांगतो, ऊठ'. वाचकाला अरामी येत नाही, हे त्याने धरलेलंच आहे. योहानाच्या तिसऱ्या अध्यायातली निकदेमाची गोष्ट तर याहून बोलकी. येशू जन्माबद्दल बोलताना ग्रीकमध्ये 'अनोथेन' हा शब्द येतो. त्याचे अर्थ दोन: 'वरून' आणि 'पुन्हा'. येशूचा रोख वरून होणाऱ्या जन्माकडे. निकदेम 'पुन्हा' असं ऐकतो आणि विचारतो, म्हाताऱ्या माणसाने आईच्या पोटात परत कसं जायचं? सगळा संवाद या गफलतीवर उभा आहे. पेशित्तात तिथे 'मेन द्रीश' आहे, म्हणजे 'नव्याने'. एक अर्थ आला, दुसरा गळाला. असं अनुवादात होतं, मुळात नाही.

आता पेशित्ताकडे. ती सुरियानीत आहे. सुरियानी ही एदेस्साची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फाची बोली. अरामीच, पण येशूच्या गालील प्रांताची नव्हे. मालवणी आणि वऱ्हाडी दोन्ही मराठीच, म्हणून काही एक होत नाहीत. येशूचा गालीलचा शिष्य पेत्र यरुशलेमेत बोलीवरून ओळखला गेला, असं मत्तय सांगतो. पेशित्तातला नवा करार पाचव्या शतकाच्या सुमारास रूढ झाला. त्याआधीची सुरियानी शुभवर्तमानंही सापडली आहेत. त्यांतली एक प्रत ॲग्नेस स्मिथ लुईस यांना १८९२ मध्ये सिनाईच्या मठात, खरवडून पुन्हा वापरलेल्या चर्मपत्रावर मिळाली. तिचा पाठ पेशित्ताशी ठिकठिकाणी जुळत नाही. शिवाय जुन्या पेशित्तात पेत्राचं दुसरं पत्र, योहानाचं दुसरं आणि तिसरं, यहूदाचं पत्र आणि प्रकटीकरण ही पाच पुस्तकंच नाहीत. मूळ ग्रंथ हाच असेल, तर यांचं मूळ गेलं कुठे?

उंटाची गंमत वेगळीच. सुरियानीत 'गमला' म्हणजे उंट. दोर हा अर्थ पुढच्या काळातल्या कोशांत नोंदलेला आहे, आणि विसाव्या शतकात जॉर्ज लाम्सा यांच्या इंग्रजी अनुवादाने तो लोकप्रिय केला. पण दोराची कल्पना त्याच्या कितीतरी आधी ग्रीकमध्येच निघाली होती. 'कामेलोस' म्हणजे उंट आणि 'कामिलोस' म्हणजे जाड दोर. कालांतराने दोन्हींचा उच्चार सारखाच होऊ लागला. पाचव्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने दोराचा अर्थ सुचवला, आणि काही उत्तरकालीन ग्रीक प्रतींत 'कामिलोस' आलाही. म्हणजे ग्रीकला खोटं पाडायला आणलेला दोर खुद्द ग्रीकमध्येही वळला गेला होता! आणि एवढी धडपड कशासाठी? अशक्य ते अशक्यच दाखवायचं आहे. बाबिलोनी तालमूद या यहुदी ग्रंथात तर सुईच्या नेढ्यातून हत्ती जातो. शिवाय मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी, मुरकूट गाळून काढतात आणि उंट गिळतात. तिथेही दोरच गिळवायचा का?

'माता-पित्या'बद्दल थोडक्यात. प्रार्थनेचा पहिला शब्द 'अबून': 'अब' म्हणजे बाप आणि पुढचा प्रत्यय 'आमचा'. यात आई कुठेच नाही. हे रूप आलं गेल्या शतकाच्या अखेरीच्या इंग्रजी ध्यानपर रूपांतरांतून. केरळच्या सुरियानी चर्चमधल्या कुठल्याही पाद्रींना विचारावं. ज्यांना आई शोधायचीच आहे त्यांनी पवित्र आत्म्याकडे जावं. सुरियानीत 'रूहा' स्त्रीलिंगी आहे आणि चौथ्या शतकातला सुरियानी लेखक अफ्राहात आत्म्याला आईच म्हणतो. खरी गोष्ट हाताशी असताना बनावट का फिरवायची, कळत नाही.

राहिलं मराठी बायबल. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मराठी अनुवाद केला तो हिब्रू आणि ग्रीक शिकून. याला अनुवादाचा अनुवाद म्हणायला जीभ कशी रेटते?

अरामीचा उपयोग नाही, असं मात्र नाही. प्रभूच्या प्रार्थनेत मत्तय 'आमची ऋणे सोड' म्हणतो. लूक म्हणतो 'आमच्या पापांची क्षमा कर', पण त्याच वाक्याच्या पुढच्या भागात त्याच्याकडेही ऋणीच येतो. अरामीतला 'होबा' म्हणजे कर्जही आणि पापही. येशूच्या तोंडी हाच शब्द असावा, असं अभ्यासक मानतात, आणि या तर्काला वाट मिळते ती दोन ग्रीक पाठ शेजारी ठेवून वाचल्यामुळे.