एकमेकांवर चढलेल्या क्षेत्रांविषयीच्या अभिप्रायास आमचे उत्तर

स. न. वि. वि.

एक तारा देताना आपण दोन तक्रारी मांडल्या आहेत. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना संपादित करता येणाऱ्या खुल्या नकाशावर आम्ही रेखाटलेल्या भागात जंगल आणि संरक्षित क्षेत्र एकमेकांवर चढल्यामुळे क्षेत्रफळांची बेरीज एकूण जागेपेक्षा जास्त भरते, ही पहिली. आणि तळ्याला लेयरचा टॅग (वस्तू कोणत्या थरावर आहे हे सांगणारी नोंद) देऊन चटकन उरकणारे काम आम्ही विनाकारण लांबवले, ही दुसरी.

संरक्षित क्षेत्राची हद्द कायद्याने ठरते, तर जंगल म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष असलेली झाडी. हद्दीच्या आत उघडा माळ असू शकतो आणि झाडी हद्दीबाहेरही पसरलेली असू शकते. म्हणून ही दोन्ही क्षेत्रे स्वतंत्रपणे रेखाटून एकमेकांवर येऊ देणे हेच योग्य आहे, आणि त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज मुळात करायचीच नसते. निवासी भागातील बागेचेही तेच. (बागेपुरते निवासी क्षेत्राला भोक पाडावे असा आग्रह काही मॅपर धरतात; आम्ही धरत नाही.)

तळ्याची गोष्ट निराळी आहे, कारण जिथे पाणी आहे तिथे जंगल नाही. त्यामुळे जंगलाचे मल्टिपॉलिगॉन रिलेशन (अनेक रेषा जोडून केलेले, आत भोके असू शकणारे क्षेत्र) करून त्यात तळ्याची काठरेषा ‘इनर’, म्हणजे भोकाची कड, म्हणून घातली. त्या तळ्यात झाडीचे एक बेटही आहे. बेटाची कड तळ्याच्या रिलेशनमध्ये ‘इनर’, तर जंगलाच्या रिलेशनमध्ये ‘आउटर’, म्हणजे बाहेरची कड, आहे. रेषा एकच असल्यामुळे पुढे कोणी ती सुधारली, तरी पाणी आणि झाडी यांच्यात फट पडत नाही. वेळ लागला तो या कामाला.

लेयरचा टॅग पूल, बोगदा अशा, खरोखर एकाच्या वरून दुसरे जाते त्या ठिकाणांसाठी आहे. नकाशाची प्रचलित शैली मोठी क्षेत्रे आधी आणि लहान क्षेत्रे त्यांच्यावर रंगवते, त्यामुळे रिलेशन न करताही तळे निळे दिसलेच असते. पण जंगलाचे क्षेत्रफळ काढताना पाणीही त्यात मोजले गेले असते, म्हणजे ज्या आकड्यासाठी आपण हे काम दिले तोच चुकला असता. केवळ चित्र नीटनेटके दिसावे म्हणून चुकीचा टॅग देणे ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतांतही बसत नाही.

क्षेत्रफळांच्या कोष्टकासाठी कुठेही एकमेकांवर न चढणारी क्षेत्रे हवी असणे रास्त आहे. मात्र त्यासाठी सर्वांच्या सामाईक नकाशाची काटछाट न करता, डेटाची प्रत घेऊन क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी फाइल करावी लागेल. एकाच जागेवर दोन वर्ग आले तर कोणता धरायचा, हा क्रम आपण ठरवून कळवावा. त्याप्रमाणे फाइल वेगळे शुल्क न आकारता देऊ. ती पुढे कोणाला दिल्यास ओपन डेटाबेस परवान्यानुसार ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयनिर्देश करणे आवश्यक राहील.