शांतता करार म्हणजे कागदी घोडे? एका फिरत्या दाव्याला उत्तर

कुठेही युद्ध पेटलं की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द बदलतात, सूर तोच राहतो. युद्ध संपतं ते एक बाजू हरल्यामुळे, नाहीतर दोघेही दमल्यामुळे; कायद्याचा तिथे काही संबंध नाही. करार म्हणजे कागदी घोडे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पोलीस नाहीत, त्यामुळे त्याचे निकाल कोणी पाळत नाही. युद्धगुन्ह्यांसाठी अटक वॉरंट काढलं की वाटाघाटी मोडतात. म्हणून खरोखर शांतता हवी असेल तर सगळ्यांना माफ करा आणि वकिलांना घरी बसवा. एकूण काय, बळी तो कान पिळी.

“युद्ध दमल्यामुळे संपतं”

हे मला बरंचसं मान्य आहे. कुठलं कलम वाचून आजवर कोणी बंदूक खाली ठेवलेली नाही. लढून जिंकता येत नाही हे उमगलं की माणसं बोलायला बसतात. पण दावा करणारे इथेच थांबतात आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. बोलायला बसलेल्या बंडखोर नेत्यासमोरचा प्रश्न अगदी व्यवहारी असतो: मी शस्त्रं दिली आणि उद्या सरकारने शब्द फिरवला, तर? आजवर त्याची हमी होती ती बंदूक. ती सोडायची तर तिच्या जागी दुसरं काहीतरी हवं. सरकारलाही तीच धास्ती उलट्या बाजूने असते. दमलेली माणसं शस्त्रसंधी करतात, पण या धास्तीवर उतारा सापडला नाही तर वर्षभरात पुन्हा लढायला उभी राहतात.

“करार म्हणजे कागदी घोडे”

उत्तर आयर्लंड घेऊ. ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं यावरून तीस वर्षं चाललेला संघर्ष, सुमारे 3,500 मृत्यू आणि 10 एप्रिल 1998 चा करार. बातम्यांमध्ये नेत्यांचे हस्तांदोलनाचे फोटो आले. पण हा करार टिकला त्याची कारणं कंटाळवाण्या कायदेशीर तरतुदींमध्ये आहेत.

आयर्लंडच्या राज्यघटनेतली कलम 2 आणि 3 संपूर्ण बेटावर हक्क सांगत होती. उत्तरेतल्या ब्रिटननिष्ठ लोकांना ती निघायला हवी होती. पण आयर्लंडने आपला दावा आधी सोडावा आणि मग ब्रिटनने आपली बाजू पाळली नाही, तर काय? यावर काढलेला तोडगा मला फार चलाख वाटतो. 22 मे 1998 रोजी दोन्हीकडे सार्वमत झालं. उत्तरेत 71 टक्के आणि दक्षिणेत 94 टक्के लोकांनी होकार दिला. दक्षिणेत मंजूर झालेली घटनादुरुस्ती मात्र लगेच अमलात आली नाही. दोन सरकारांमधला करार प्रत्यक्ष लागू झाल्याचं जाहीर होईल तेव्हाच नवी कलमं लागू होतील, अशी तिची रचना होती. तो दिवस उजाडला 2 डिसेंबर 1999 ला, आणि त्याच दिवशी ब्रिटनचा 1920 चा आयर्लंडविषयक कायदाही रद्द झाला. आधी कोण, हा प्रश्नच उरला नाही.

कैद्यांचं तसंच. 1998 च्या कायद्याने त्यांना दोन वर्षांत सोडायचं ठरलं, पण ते परवान्यावर, म्हणजे अटी मोडल्या तर परत तुरुंग, आणि ज्यांची संघटना शस्त्रसंधी पाळते आहे त्यांनाच. म्हणजे शस्त्रसंधी मोडली तर त्याची झळ तुरुंगातल्या आपल्याच माणसांना बसणार. शस्त्रांबाबतची तरतूद तर आणखी बारीक होती. जमा केलेली हत्यारं खटल्यात पुरावा म्हणून वापरायची नाहीत, असं 1997 च्या कायद्यात आधीच लिहून ठेवलं होतं. ज्या रायफलीवर आपल्या बोटांचे ठसे आहेत ती नाहीतर कोण आणून देईल? तरीही आयर्लंडमध्ये जाण्यासाठी लढणाऱ्या मुख्य संघटनेचं, आयआरएचं, हे काम संपायला सप्टेंबर 2005 उजाडलं. मधल्या काळात तिथलं सरकार वारंवार निलंबित झालं, पण संघर्ष पुन्हा पूर्वीसारखा पेटला नाही.

मिझोरमचंही उदाहरण आहे. 1966 पासून चाललेलं बंड 30 जून 1986 च्या करारावर थांबलं. मिझो लोकांच्या रूढी, धार्मिक प्रथा आणि जमिनीची मालकी यांविषयीचा संसदेचा कायदा तिथली विधानसभा ठराव करेपर्यंत लागू होणार नाही, हे आश्वासन थेट राज्यघटनेत कलम 371-जी म्हणून बसलं. 20 फेब्रुवारी 1987 ला राज्य झालं. बंड करणाऱ्या मिझो नॅशनल फ्रंटचे लालडेंगा मुख्यमंत्री झाले. दिल्लीतलं सरकार बदललं की विरून जाईल असं तोंडी वचन एवढंच त्यांच्या हातात असतं, तर जंगलातली माणसं बाहेर आली असती का, याची मला शंका आहे.

“पोलीस नाहीत, म्हणून निकाल कोणी पाळत नाही”

चाड आणि लिबिया यांच्यातला ऑझू पट्टा सुमारे 1 लाख 14 हजार चौरस किलोमीटरचा. 1973 पासून तो लिबियाने बळकावला होता. 1987 मध्ये चाडने उत्तरेत लिबियन सैन्याचा दारुण पराभव केला, तरी पट्टा लिबियाकडेच राहिला. म्हणजे ताकदीने प्रश्न सुटला नव्हता. मग 1989 मध्ये दोघांनी ठरवलं, की वर्षभर बोलू आणि जमलं नाही तर आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊ. 3 फेब्रुवारी 1994 ला न्यायालयाने 16 विरुद्ध 1 मतांनी पट्टा चाडचा ठरवला. आधार होता 1955 चा फ्रान्स-लिबिया करार. मे महिना संपेपर्यंत लिबियाचं सैन्य बाहेर पडलं. देखरेखीला संयुक्त राष्ट्रांचे मूठभर निरीक्षक होते. आणि लिबियात तेव्हा राज्य होतं गडाफींचं, म्हणजे कायद्यावर फार प्रेम असलेल्या माणसाचं नव्हे.

मग त्यांनी निकाल का पाळला? माझं मत असं, की शत्रूपुढे मान तुकवण्यापेक्षा न्यायाधीशांपुढे हरणं राज्यकर्त्याला परवडतं. बकासी द्वीपकल्पाबाबतही हेच दिसतं. 2002 मध्ये निकाल कॅमेरूनच्या बाजूने लागला आणि नायजेरियात संतापाची लाट आली. तरी 2006 च्या ग्रीनट्री कराराने माघारीचं वेळापत्रक ठरलं आणि ऑगस्ट 2008 मध्ये तेलसमृद्ध मानला जाणारा तो भाग कॅमेरूनकडे गेला.

इथिओपिया आणि एरिट्रिया यांच्याबाबत मात्र दावा निम्मा खरा आहे. डिसेंबर 2000 च्या अल्जियर्स कराराने दोघांनी सीमा आयोगाचा निकाल अंतिम मानायचं कबूल केलं. एप्रिल 2002 मध्ये आयोगाने बादमे गाव एरिट्रियाला दिलं आणि इथिओपियाने 16 वर्षं ते सोडलं नाही. निकाल न पाळणाऱ्यावर कोणी कारवाई केली नाही. 2018 मध्ये इथिओपियाचे पंतप्रधान आबी अहमद यांना समेट करायचा होता, तेव्हा त्यांनी काय केलं? तोच जुना निकाल मान्य असल्याचं जाहीर केलं. पुढे त्या समेटाचं काय झालं ती कथा वेगळी आणि कडू आहे.

सुरक्षा परिषदेचा कायम सदस्य स्वतः लढत असेल तेव्हा हा आक्षेप सर्वांत जोरकस ठरतो. नकाराधिकार त्याच्याच हातात असतो, आणि यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

“वॉरंट निघालं की वाटाघाटी मोडतात”

27 मे 1999 ला युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच यांच्यावरील आरोपपत्र जाहीर झालं, तेव्हा कोसोव्होत युद्ध चालू होतं. आता बोलायचं तरी कोणाशी, असा सूर तेव्हाही लागला. 3 जूनला मिलोशेविच यांनी अटी मान्य केल्या. युद्ध आरोपपत्राने थांबलं असं मी म्हणणार नाही, ते बॉम्बफेकीच्या दबावाखाली थांबलं. पण आरोपपत्र आडही आलं नाही. त्याआधी 1995 मध्ये बोस्नियन सर्बांचे नेते कराजिच आणि म्लादिच यांच्यावर आरोप ठेवले गेल्याने ते बोस्नियाच्या युद्धावरच्या चर्चेसाठी अमेरिकेत डेटनला येऊच शकत नव्हते. बोस्नियन सर्बांच्या वतीने बोलायला मिलोशेविच बसले आणि तोडगा निघाला. ज्याला समेट नकोच आहे तो खोलीबाहेर राहिला, तर वाटाघाटी सोप्या होतात.

लायबेरियाचे अध्यक्ष चार्ल्स टेलर 4 जून 2003 ला अक्राच्या शांतता परिषदेत होते, त्याच दिवशी त्यांच्यावरचं आरोपपत्र उघड झालं. ते घाईने मायदेशी परतले. चर्चा चालू राहिली. 11 ऑगस्टला त्यांनी पद सोडलं आणि 18 ऑगस्टला करार झाला. बंडखोर राजधानीत घुसले होते हेही खरं, पण आपण पुन्हा जगासमोर अध्यक्ष म्हणून मिरवू शकू ही टेलर यांची आशा त्या कागदाने संपवली. 2012 मध्ये त्यांना 50 वर्षांची शिक्षा झाली.

याविरुद्धचं उदाहरण आहे युगांडाचा बंडखोर नेता जोसेफ कोनी. 2006 ते 2008 या काळात जुबा इथे चर्चा झाल्या. कोनीने शेवटच्या करारावर सही केली नाही, आणि 2005 चं वॉरंट हे त्याचं एक कारण होतं. पण हे प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे खुद्द युगांडाच्या सरकारनेच नेलं होतं. शिवाय शांततेसाठी गरज पडली तर सुरक्षा परिषद 12 महिने कारवाई थांबवू शकते अशी सोय त्या न्यायालयाच्या कायद्यात कलम 16 मध्येच आहे. कोनीच्या बाबतीत ती वापरली गेली नाही.

“सगळ्यांना माफ करा”

सिएरा लिओनने हेच करून पाहिलं. 7 जुलै 1999 च्या लोमे कराराने सर्वांना सरसकट माफी दिली. लोकांचे हात तोडणाऱ्या आरयूएफ संघटनेचा प्रमुख फोडे सांको याला तर खनिज आयोगाचं अध्यक्षपद आणि उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा मिळाला. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने सही करताना हाताने लिहिलं, की वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांना ही माफी लागू आहे असं आम्ही मानत नाही. मे 2000 मध्ये आरयूएफने शेकडो शांतिसैनिकांना ओलीस धरलं. कैलाहूनमध्ये वेढलेल्या भारतीय जवानांना जुलैत ‘ऑपरेशन खुकरी’ करून सोडवावं लागलं. पुढे विशेष न्यायालय उभं राहिलं, आणि लोमेची माफी आपल्यासमोरच्या खटल्यांच्या आड येत नाही असा निर्णय त्याने 2004 मध्ये दिला. तो त्या हस्ताक्षरातल्या ओळींच्या बाजूनेच होता.

याचा अर्थ कायदा माफीच्या विरोधात आहे असा नाही. जिनिव्हा करारांच्या 1977 च्या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये उलट सांगितलं आहे, की अंतर्गत संघर्ष संपल्यावर लढलेल्यांना शक्य तितकी व्यापक माफी द्यावी. फक्त ती लढण्याबद्दल, कत्तलीबद्दल नाही. दक्षिण आफ्रिकेत संपूर्ण सत्य सांगण्याच्या अटीवर माफी होती. 7,112 अर्ज आले, 849 मंजूर झाले. सरसकट माफीत असा फरक करायची सोयच नसते.

कोलंबियाने फार्क या बंडखोर संघटनेशी केलेल्या 2016 च्या करारात याहून पुढची रचना केली. तो सार्वमतात अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने नाकारला गेला, मग बदल करून 24 नोव्हेंबरला पुन्हा सही झाली. राजकीय गुन्ह्यांना माफी. गंभीर गुन्हे पूर्ण कबूल केले तर 5 ते 8 वर्षं तुरुंगाबाहेरची बंधनं, नाकारून दोषी ठरलं तर 20 वर्षांपर्यंत कैद. यासाठी उभारलेलं विशेष न्यायालय सैनिकांनाही बोलावतं. 2002 ते 2008 दरम्यान लष्कराने किमान 6,402 नागरिक मारून त्यांना बंडखोर म्हणून दाखवल्याचं त्यानेच 2021 मध्ये मांडलं. पण शस्त्रं खाली ठेवलेले शेकडो फार्क सदस्य नंतर मारले गेले. सुरक्षेचं वचन लिहिलं होतं, पाळलं गेलं नाही. 2019 मध्ये फार्कचे मुख्य वाटाघाटीकार इव्हान मार्केस स्वतःच पुन्हा शस्त्र घेऊन जंगलात गेले, ते राज्याने विश्वासघात केला असं सांगत.

“कायदा शांततेच्या आड येतो”

फिरत्या मजकुरात हा मुद्दा सहसा नसतो, पण असायला हवा होता, कारण तो सर्वांत भक्कम आहे. फिलिपाइन्समध्ये 2008 साली सरकार आणि मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंट ही मुस्लिम बंडखोर संघटना यांच्यातला, दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटाबाबतचा करार सहीच्या उंबरठ्यावर असताना सर्वोच्च न्यायालयाने 4 ऑगस्टला स्थगिती दिली. काही बंडखोर कमांडरांनी गावांवर हल्ले केले, लाखो लोक विस्थापित झाले. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने 8 विरुद्ध 7 मतांनी तो करार घटनाबाह्य ठरवला.

पण त्यात न्यायालयाने जे दोष दाखवले, त्यात लोकांना विचारलंच नाही आणि घटना बदलण्याचं वचन सरकारने परस्पर दिलं, हे होतं. पुढचा करार हे सांभाळून लिहिला गेला. 2014 मध्ये सह्या, 2018 मध्ये संसदेचा कायदा, 2019 मध्ये सार्वमत आणि फ्रंटचे प्रमुख मुराद इब्राहिम अंतरिम मुख्यमंत्री. सप्टेंबर 2024 मध्ये त्याच न्यायालयाने सुलू प्रांत नव्या स्वायत्त प्रदेशातून वगळला, कारण तिथल्या मतदारांनी नकार दिला होता. फ्रंटला तो निकाल मुळीच आवडण्यासारखा नव्हता, पण या वेळी ती युद्धावर गेली नाही.