बंदी खात्यावर, फोन आईचा

१० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, फेसबुक, यूट्यूब अशा दहा ठिकाणी स्वतःचं खातं ठेवता येत नाही. तिकडे महाराष्ट्रात मुलांच्या मोबाईलचा विषय निघाला की आता हेच उदाहरण पुढे येतं: त्यांना जमलं, मग आपल्याला का नाही? इथे ऑस्ट्रेलियात राहून हा कायदा जवळून पाहताना वाटतं, की हा प्रश्नच थोडा चुकलाय.

या कायद्याने बंदी घातली आहे ती खात्यावर, स्क्रीनवर नाही. लॉग-इन न करता यूट्यूब पाहायला इथेही कोणी अडवत नाही. व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूब किड्स यादीबाहेर आहेत. मुलाने नियम मोडला तर त्याला दंड नाही, आईबापांनाही नाही. दंड कंपनीला, आणि तो ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मला या कायद्यात सगळ्यात पटतं ते हेच. पहिल्याच महिन्याच्या हिशेबात सुमारे ४७ लाख खाती बंद झाल्याचं सरकारने सांगितलं. आता हाच कायदा उचलून आपल्याकडे नेला तर काय होईल? आपल्याकडच्या कितीतरी घरांत सात-आठ वर्षांच्या मुलाचं कुठेही खातं नसतं. त्याच्या हातात आईचा फोन असतो, त्यात आईचं खातं असतं आणि कंपनीच्या लेखी बघणारी व्यक्ती पस्तीस वर्षांची बाई असते. अशा घरात बंदी लागू कोणावर करणार?

खातं कोणाचं, यावर किती काय अवलंबून असतं ते पाहा. मूल कार्टून लावतं आणि ते संपल्यावर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. तो कोणता, हे ठरतं त्या खात्यावर आजवर काय पाहिलं गेलं यावरून. आजोबांच्या फोनवर भजनं, राशिभविष्य आणि टीव्हीवरच्या चर्चांची भांडणं पाहिली गेली असतील, तर नातवाच्या कार्टूनमागून तेच येतं. गुन्हेगारी मालिकांच्या क्लिपा पाहिल्या असतील तर त्याही येतात. १८ वर्षांखालच्या खात्यावर यूट्यूबचं हे 'ऑटोप्ले' मुळात बंद असतं, मोठ्यांच्या खात्यावर ते चालू असतं. नुकसान दोन्हीकडून होतं म्हणा, कारण नंतर आजोबांना भजनांच्या मध्येच स्लाइमचे व्हिडिओ दिसायला लागतात.

म्हणून फोन एकच असेल तर पहिलं काम हे: साधं यूट्यूब मुलाला द्यायचं नाही. यूट्यूब किड्स टाका, त्यात मुलाचं प्रोफाइल करा. वयाचे तीन गट आहेत, ४ पर्यंत, ५ ते ८ आणि ९ ते १२. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र गटावर सोडू नका, 'फक्त मंजूर केलेलं' हा पर्याय घ्या आणि दहा-बारा चॅनेल स्वतः निवडून द्या. सर्च बंद ठेवा. त्यातच टायमर आहे, वेळ संपली की अ‍ॅप थांबतं. ओरडावं लागत नाही. एक गोम मात्र आहे. या सेटिंगचं कुलूप उघडायला अ‍ॅप गुणाकार विचारतं. पाढे पाठ असलेल्या मुलाला हे कुलूप म्हणजे गंमतच. तिथे स्वतःचा चार आकडी पासकोड घालता येतो, तो घाला. जन्मसाल नको.

दुसरं काम, फोनला अ‍ॅपवर खिळवून ठेवायचं. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या सिक्युरिटी भागात 'अ‍ॅप पिनिंग' असतं (काही कंपन्यांच्या फोनवर नाव थोडं वेगळं), आयफोनमध्ये 'गायडेड अ‍ॅक्सेस'. ते चालू केलं की मूल त्या अ‍ॅपमधून बाहेर पडून व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा बँकेच्या अ‍ॅपवर जाऊ शकत नाही. चालू करताना 'बाहेर पडताना पिन विचारा' हा पर्यायही लावायचा. नेमका तोच राहून जातो, आणि मग दोन बटणं दाबली की मूल बाहेर. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. यूपीआयला पिन लागतो, खरं आहे, पण यूपीआय लाइटमधून छोट्या रकमा पिनशिवाय जातात. मुलाच्या हातात जाणाऱ्या फोनवर ते बंदच बरं.

मुलाला वेगळा फोन द्यायची वेळ आली तर सिम नसलेला जुना हँडसेट चालतो. तो रीसेट करून सुरू करतानाच मुलाचं स्वतःचं, खऱ्या जन्मतारखेचं खातं उघडा आणि 'फॅमिली लिंक' या गूगलच्या पालकांसाठीच्या सोयीने आपल्या फोनला जोडा. जन्मसाल खोटं घातलं की मुलांसाठीची सगळी संरक्षणं त्याच क्षणी जातात, आणि ही चूक पालकच करतात, 'नाहीतर गेम डाउनलोड होत नाही' म्हणून. फॅमिली लिंकमध्ये रोजची मर्यादा, झोपेची वेळ आणि नव्या अ‍ॅपची परवानगी हे तीन पुरेत. लोकेशन पाहत बसण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलंय. त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागेल, आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, संमतीचा भाग त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहे. वाचायला उत्तम. पण ओटीपी ज्या फोनवर येणार, तो फोन मुलाच्याच हातात असेल तर संमती देणार कोण?

किती वेळ, या वादात मी फार पडणार नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्येच सांगून ठेवलंय: दोन वर्षांच्या आत शून्य, २ ते ५ मध्ये जास्तीत जास्त एक तास, ५ ते १० मध्ये दोन तासांच्या आत. अडचण आकड्याची नाही, पाळण्याची आहे. त्याबाबत ऑस्ट्रेलियापेक्षा सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव मला जास्त शिकण्यासारखं वाटतं. २०२२ मध्ये तिथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात झाली, तो झाला की दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद. मोठ्यांचेही. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात मोठ्यांना काहीच सोडावं लागत नाही.

आणि ज्या गोष्टीला ना कायदा पुरतो ना भोंगा, ती म्हणजे गेममधली चॅट. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या यादीत रोब्लॉक्स (मुलांचा ऑनलाइन गेम) आणि डिस्कॉर्ड (गेम खेळणाऱ्यांची गप्पांची जागा) नव्हते. गेममधली ओळख घातक व्हायला लागली की ती बहुतेक वेळा एकाच वाटेने जाते: गेममध्ये फुकट वस्तू, मग 'दुसऱ्या अ‍ॅपवर ये', मग 'घरी सांगू नकोस', मग फोटो, मग धमकी. मुलाला ही वाट आधीच माहीत हवी, विशेषतः दुसरी पायरी. धमकी आलीच तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायची नाही. समोरच्याच्या प्रोफाइलचे आणि मेसेजचे स्क्रीनशॉट घ्यायचे, मग ब्लॉक. भारतात राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांशी संबंधित तक्रार नाव न सांगताही करता येते. चाइल्डलाइन १०९८, सायबर हेल्पलाइन १९३०. फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही फुकट सेवा आहे. ती फोटो मागत नाही, फोनवरच त्याचा डिजिटल ठसा बनवते आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळला की फोटो काढतात. हे सगळं करत असताना मुलाचा फोन काढून घेऊ नका. फोन जाईल या भीतीनेच मुलं महिनोन्‌महिने गप्प बसतात, आणि धमकी देणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.